शालेय हिंसाचार आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास (१९७९ ते २०२४)

गोषवारा :
शाळेच्या आवारात अल्पवयीन मुलाने केलेल्या हिंसेला जबाबदार कोण, हा प्रश्न अमेरिकेत गेल्या अर्धशतकात पुनःपुन्हा विचारला गेला. मूल, पालक, शाळा, पोलीस, मनोरंजन उद्योग व शस्त्रबाजार यांपैकी प्रत्येकाकडे कधी ना कधी बोट दाखविण्यात आले. प्रस्तुत लेखात १९७९ ते २०२४ या काळातील निवडक घटना, न्यायालयीन निर्णय व शासकीय अहवाल यांच्या आधारे या प्रश्नाच्या उत्तरात कसा बदल होत गेला याचा मागोवा घेतला आहे. 'हिंसेचे कारण काय' या प्रश्नाकडून 'कोणाला माहीत होते व कोणाला रोखता आले असते' या प्रश्नाकडे झालेला प्रवास हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : शालेय हिंसाचार, उत्तरदायित्व, बालगुन्हेगारी, पालकत्व, शाळा प्रशासन.

प्रस्तावना :
२९ जानेवारी १९७९ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील सॅन डिएगो शहरात एका सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या घराच्या खिडकीतून समोरच्या प्राथमिक शाळेवर गोळीबार केला. मुलांना वाचविण्यासाठी धावलेले मुख्याध्यापक व शाळेचा एक कर्मचारी त्यात मृत्यू पावले. आठ मुले व एक पोलीस जखमी झाले. वापरलेली रायफल ही त्या मुलीला वडिलांनी महिनाभरापूर्वी, नाताळची भेट म्हणून दिलेली होती. मुलीला पंचवीस वर्षे ते आजन्म अशी कारावासाची शिक्षा झाली. वडिलांवर मात्र कोणताही खटला भरला गेला नाही. तसा खटला भरता येईल, हा विचारही त्या काळी फारसा कोणाच्या मनात आला नव्हता.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथील हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळीबार करून चार सहाध्यायांचे प्राण घेतले. त्याच्या हातातील पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी त्याच्यासाठी विकत घेतले होते. या वेळी मुलाबरोबर आई व वडील हे दोघेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, आणि २०२४ साली त्या दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या दोन घटनांमध्ये जवळजवळ त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. दोन्हींत शस्त्र घरातून आले होते आणि ते पालकांनीच दिले होते. घटनांचे स्वरूप बऱ्याच अंशी सारखे असताना समाजाचे व कायद्याचे उत्तर मात्र पूर्णतः भिन्न आहे. हा बदल कसा घडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे व अभ्यासाची दिशा :
१) शालेय हिंसाचाराच्या उत्तरदायित्वाविषयी अमेरिकेत वेळोवेळी मांडल्या गेलेल्या स्पष्टीकरणांचा कालानुक्रमे परामर्श घेणे.
२) लोकचर्चेतील दोषारोप आणि न्यायालयांनी मान्य केलेले उत्तरदायित्व यांतील अंतर स्पष्ट करणे.
३) या अनुभवातून शैक्षणिक संस्था व अध्यापक यांच्यासंदर्भात निघणारे निष्कर्ष मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. 'उत्तरदायित्व' ही संज्ञा येथे नैतिक, दिवाणी व फौजदारी अशा तीन अर्थांनी वापरली आहे. या तिन्हींची गल्लत झाल्यामुळेच या विषयावरील चर्चा अनेकदा दिशाहीन झाल्याचे दिसून येते.

दोषारोपाची जुनी परंपरा :
तरुण पिढी बिघडली व तिला अमुक एका करमणुकीने बिघडविले, ही तक्रार नवी नाही. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी चित्रकथांची पुस्तके ही बालगुन्हेगारीचे एक प्रमुख कारण असल्याची मांडणी ग्रंथरूपाने केली. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीने चित्रकथांच्या प्रश्नावर सुनावण्या घेतल्या. परिणामी प्रकाशकांनी स्वतःहून एक आचारसंहिता स्वीकारली आणि चित्रकथांचा मजकूर चाळून मगच प्रसिद्ध होऊ लागला. बालगुन्हेगारीचा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. पुढे चित्रपट, दूरदर्शन, रॉक संगीत व व्हिडिओ गेम हे क्रमाने आरोपी ठरत गेले.

१९९० च्या दशकात या परंपरेला दुसरी जोड मिळाली. १९९५ साली राज्यशास्त्राचे प्राध्यापक जॉन डियुलिओ यांनी दयामाया नसलेल्या हिंस्र अल्पवयीनांची एक मोठी लाट येऊ घातली आहे, असे भाकीत करून अशा मुलांसाठी 'सुपरप्रेडेटर' ही संज्ञा रूढ केली. प्रत्यक्षात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अल्पवयीनांच्या अटकेचे प्रमाण १९९४ नंतर घसरू लागले होते. भाकीत खोटे ठरले व पुढे खुद्द डियुलिओ यांनीही ते मान्य केले. तथापि या भीतीच्या छायेत बहुतेक राज्यांनी अल्पवयीनांवर प्रौढांच्या न्यायालयात खटला चालविणे सुलभ करणारे कायदे केले. दोष करमणुकीचा म्हणा किंवा मुलाच्या जन्मजात दुष्टपणाचा म्हणा, दोन्ही स्पष्टीकरणांत एक साम्य होते. मुलाच्या अवतीभवती वावरणाऱ्या प्रौढांना दोन्ही स्पष्टीकरणे मोकळे सोडत होती.

बालकाचे उत्तरदायित्व : जोन्सबरो व फ्लिंट :
मूल स्वतः कितपत जबाबदार, हा प्रश्न दोन घटनांनी तीव्र केला. २४ मार्च १९९८ रोजी आर्कान्सा राज्यातील जोन्सबरो येथे तेरा व अकरा वर्षांच्या दोन मुलांनी धोक्याची घंटा वाजवून विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थिनी व एक शिक्षिका यांचा मृत्यू झाला. शस्त्रांचा मोठा साठा त्यांपैकी एका मुलाच्या आजोबांच्या घरातून आणलेला होता. राज्याच्या तत्कालीन कायद्यानुसार एवढ्या लहान वयाच्या मुलांवर प्रौढ म्हणून खटला भरणे शक्य नव्हते. एकविसाव्या वर्षी ते दोघेही मुक्त झाले. ही शिक्षा अपुरी आहे, अशी तीव्र भावना समाजात उमटली.

२९ फेब्रुवारी २००० रोजी मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराजवळील एका प्राथमिक शाळेत सहा वर्षांच्या मुलाने वर्गातील सहा वर्षांच्या मुलीवर गोळी झाडली व तीत तिचा अंत झाला. सहा वर्षांच्या बालकाला गुन्ह्याचा हेतू असू शकत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व. त्यामुळे प्रश्न अपरिहार्यपणे प्रौढांकडे वळला. ज्या घरात हे मूल राहत होते तेथे भरलेले पिस्तूल त्याच्या हाताला लागेल अशा रीतीने ठेवणाऱ्या तरुणावर 'हेतू नसताना घडलेल्या मनुष्यवधा'चा आरोप ठेवण्यात आला. त्याने तो आरोप न लढविता शिक्षा पत्करली. पुढे दोन दशकांनी त्याच राज्यात जे घडले त्याचे बीज या खटल्यात होते, असे म्हणता येईल.

दरम्यान अल्पवयीनांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा कलही बदलत गेला. २००५ साली अठरा वर्षांखालील गुन्हेगारांना मृत्युदंड देणे घटनाबाह्य ठरविण्यात आले. २०१२ साली त्यांना पॅरोलविना आजन्म कारावास अनिवार्यपणे देणारे कायदेही रद्दबातल ठरले. अल्पवयीनाचे उत्तरदायित्व यामुळे संपले नाही. ते प्रौढाइतके पूर्ण मात्र मानले जात नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

कोलंबाईन : दोषारोपाचा महापूर :
२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाईन हायस्कूलमध्ये अठरा व सतरा वर्षांच्या दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी व एका शिक्षकाची हत्या करून स्वतःचेही जीवन संपविले. त्या दिवशी जखमी होऊन कायमचे अपंगत्व आलेल्या एका स्त्रीचे २०२५ साली निधन झाले आणि तो मृत्यूही त्याच हल्ल्याच्या परिणामांमुळे झाल्याचे अधिकृतरीत्या नोंदविण्यात आले. घटनेच्या पाव शतकानंतरही तिच्या बळींची नोंद पूर्ण झालेली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

घटनेनंतरच्या काही आठवड्यांत कारणांचा जणू महापूर आला. 'डूम' हा व्हिडिओ गेम, मर्लिन मॅन्सन या गायकाचे संगीत, लांब काळे कोट घालणारा विद्यार्थ्यांचा गट, खेळाडू विद्यार्थ्यांची दांडगाई, घरातील धर्मसंस्कारांचा अभाव अशी एकामागून एक स्पष्टीकरणे पुढे आली. मॅन्सन यांनी आपल्या दौऱ्यातील उर्वरित कार्यक्रम रद्द केले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी जून १९९९ मध्ये हिंसक मनोरंजनाच्या जाहिरातींची चौकशी करण्यास संघीय व्यापार आयोगाला सांगितले. प्रतिनिधी सभागृहाने शाळांमध्ये बायबलमधील दहा आज्ञा लावण्यास मुभा देणारी दुरुस्ती त्याच महिन्यात संमत केली. तिचा कायदा मात्र झाला नाही. सिनेटमध्ये गन शो म्हणजे शस्त्रांच्या विक्री-प्रदर्शनांतील खरेदीदारांची पूर्वतपासणी करण्याची तरतूद मे १९९९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या निर्णायक मताने ५१ विरुद्ध ५० अशी संमत झाली. प्रतिनिधी सभागृहात तिला यश आले नाही.

यांपैकी बरीच स्पष्टीकरणे पुढील तपासात टिकली नाहीत. हल्लेखोरांनी उपाहारगृहात मोठे बॉम्ब ठेवले होते व ते फुटले नाहीत म्हणून पुढचा सारा प्रकार गोळीबारापुरता राहिला. विशिष्ट छळकर्त्यांचा सूड घेणे एवढाच हेतू असता तर सर्वांनाच उडवून देण्याची ही योजना आखली गेली नसती. काळ्या कोटांच्या गटाशी त्यांचा संबंधही नाममात्र होता. तरीही पहिल्या आठवड्यातील कथा लोकस्मृतीत घट्ट रुतून बसली. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक बोध होतो. शोकाकुल समाजाला कारण तातडीने हवे असते, आणि जे कारण दूरचे असते ते अधिक सोयीचे असते.

न्यायालयांची वेगळी वाट :
लोकचर्चा कारणांच्या मागे धावत असताना न्यायालयांसमोर वेगळा प्रश्न आला. ठोस कर्तव्य कोणाचे होते व त्यात कसूर झाली काय, हा तो प्रश्न. या कसोटीवर मनोरंजन उद्योग सुटला. केंटकी राज्यातील पड्यूका येथे १९९७ साली झालेल्या गोळीबारातील मृत मुलींच्या पालकांनी गेम व चित्रपट निर्मात्यांवर लावलेला दावा २००२ साली संघीय अपील न्यायालयाने फेटाळला. कोलंबाईनमधील मृत शिक्षकाच्या कुटुंबाचा तशाच स्वरूपाचा दावाही त्याच वर्षी निकालात निघाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला.

शस्त्र पुरविणाऱ्यांचे चित्र संमिश्र होते. कोलंबाईनच्या हल्लेखोरांना बेकायदा पिस्तूल विकणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाला सहा वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या तीन बंदुका एका अठरा वर्षांच्या मैत्रिणीने गन शोमध्ये त्यांच्यासाठी घेतल्या होत्या. तत्कालीन कायद्याने तो गुन्हाच नव्हता. तिच्यावर खटला झाला नाही. नोव्हेंबर २००० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी सार्वमताने ही पळवाट बंद केली. संसदेला जे साधले नाही ते एका राज्याच्या मतदारांनी करून दाखविले.

हल्लेखोरांच्या पालकांशी पीडित कुटुंबांनी २००१ साली तडजोड केली. शस्त्र पुरविणाऱ्यांसह मिळून ती सुमारे २५ लाख डॉलरची होती व त्यातील बरीचशी रक्कम घराच्या विम्यातून आली. पैसा मिळाला, परंतु पालक चुकले काय, या प्रश्नाचा न्यायनिवाडा झालाच नाही.

शासनयंत्रणेचे उत्तरदायित्व हा यांतील सर्वांत कठीण भाग. हल्लेखोरांपैकी एकाने संकेतस्थळावर धमक्या दिल्याची तक्रार १९९८ सालीच शेरिफच्या कार्यालयाकडे आली होती. त्याच्या घराच्या झडतीसाठी प्रतिज्ञापत्राचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशापुढे कधीच ठेवला गेला नाही आणि ही बाब २००१ पर्यंत लोकांपुढे आली नाही. जानेवारी १९९८ मध्ये याच दोघांना वाहन फोडून चोरी केल्याबद्दल अटक झाली होती व सुधारणा कार्यक्रमातून फेब्रुवारी १९९९ मध्ये चांगल्या शेऱ्यासह मुदतीपूर्वी मुक्तता मिळाली होती. त्यांपैकी एकाने लिहिलेल्या हिंसक कथेमुळे अस्वस्थ झालेल्या शिक्षिकेने त्याच्या पालकांशी व समुपदेशकाशी बोलणेही केले होते. म्हणजे पोलीस, सुधारणा अधिकारी, शिक्षिका व पालक या प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा होता. ते तुकडे एका टेबलावर कधीच आले नाहीत.

असे असूनही शेरिफ व शाळा यांच्यावरील बहुतेक दावे नोव्हेंबर २००१ मध्ये फेटाळले गेले. यामागे सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ सालच्या डेशेनी खटल्याची छाया होती. खाजगी व्यक्तीच्या हिंसेपासून नागरिकाचे रक्षण करण्याचे घटनात्मक बंधन शासनावर सामान्यतः नाही, असा तो निर्णय होता. एकच दावा पुढे चालू राहिला. जखमी शिक्षक तीन तासांहून अधिक काळ रक्तस्राव होत पडून होते आणि पोलिसांनी बाहेरची मदत त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली नव्हती. शेरिफ कार्यालयाने २००२ साली त्यांच्या कुटुंबाशी १५ लाख डॉलरची तडजोड केली.

'कोणाला माहीत होते?' : २००२ चा अहवाल :
या प्रश्नाला खरी कलाटणी दिली ती संशोधनाने. २००० साली एफ.बी.आय.ने प्रसिद्ध केलेल्या अहवालात हल्लेखोर मुले आपला बेत जाणता-अजाणता आधीच उघड करतात, या बाबीवर भर देण्यात आला. २००२ साली अमेरिकेची सिक्रेट सर्व्हिस व शिक्षण खाते यांनी १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना व ४१ हल्लेखोर यांच्या संयुक्त अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. त्यांतील काही आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत.

८१ टक्के घटनांत हल्ल्याच्या बेताची किमान एका व्यक्तीला आधी कल्पना होती. ही माहिती असणाऱ्यांमध्ये बहुतांश मित्र व सहाध्यायी होते. ९३ टक्के हल्लेखोरांच्या वागण्यात हल्ल्यापूर्वी इतरांना काळजी वाटावी असे काहीतरी दिसले होते. ७१ टक्के हल्लेखोरांना आपला छळ झाल्याची भावना होती. ६८ टक्के प्रकरणांत शस्त्र स्वतःच्या अथवा नातेवाइकाच्या घरातून मिळविलेले होते. याउलट हिंसक व्हिडिओ गेमची आवड केवळ १२ टक्के हल्लेखोरांमध्ये आढळली. स्वतःच्याच लिखाणातून हिंसेविषयीची ओढ व्यक्त करणारे मात्र ३७ टक्के होते. संभाव्य हल्लेखोर ओळखता येईल असा कोणताही ठरावीक साचा अभ्यासकांना मिळाला नाही.

या आकड्यांनी चर्चेचे केंद्रच बदलले. पडद्यावर मुलाने काय पाहिले यापेक्षा वहीत त्याने काय लिहिले हे अधिक बोलके होते. पडदा हॉलिवूडचा होता, वही मात्र वर्गशिक्षकाच्या टेबलावर होती.

समाजशास्त्रज्ञ कॅथरीन न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विचाराला खोली दिली. पड्यूका व जोन्सबरो ही एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची लहान गावे होती. तेथे इशारे दडून का राहिले? त्यांच्या मते शाळेची रचनाच माहितीचे तुकडे करते. गणिताच्या शिक्षकाला एक ठाऊक असते, समुपदेशकाला दुसरे. मागील वर्षाचा डाग पुढील वर्षी मुलाच्या माथी येऊ नये म्हणून नोंदी पुढे जात नाहीत. हेतू चांगला, परिणाम मात्र असा की संपूर्ण मूल कोणालाच दिसत नाही.

चुकीचा धडा : शून्य सहिष्णुता :
हे ज्ञान उपलब्ध होत असतानाच शाळांनी मात्र वेगळा मार्ग धरला होता. १९९४ च्या संघीय कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष काढून टाकणे ही शासकीय निधीची अट बनविली. कोलंबाईननंतर 'शून्य सहिष्णुता' हे धोरण बंदुकीपुरते न राहता किरकोळ शिस्तभंगापर्यंत पसरले. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृतिदलाने या धोरणाची तपासणी करून, त्यामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही असा निष्कर्ष काढला. शासनाच्या २०११-१२ च्या आकडेवारीनुसार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना निलंबित करण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या तिप्पट होते. वास्तविक मोठ्या गोळीबारांतील हल्लेखोर बहुतांशी श्वेतवर्णीय होते. सामुदायिक अपयशाची किंमत भलत्यांनीच मोजली.

त्याहून महत्त्वाचा दोष असा की, ज्या शाळेत मित्राचे नाव सांगितल्यास त्याची हकालपट्टी निश्चित असते तेथे मुले नावे सांगत नाहीत. माहितीवर आधारलेल्या प्रतिबंधाला शिक्षेवर आधारलेले धोरण असे छेद देते. याला पर्याय म्हणून 'धोक्याचे मूल्यमापन' करणारी पथके पुढे आली. शिक्षक, समुपदेशक व पोलीस यांनी एकत्र बसून काळजीच्या प्रत्येक खुणेचा विचार करावा, ही त्यामागील कल्पना. व्हर्जिनिया राज्याने २०१३ साली सर्व सार्वजनिक शाळांना अशी पथके बंधनकारक केली.

यंत्रणा व बाजार :
पुढील दशकात उत्तरदायित्वाची वर्तुळे विस्तारत गेली. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत वीस बालके व सहा कर्मचारी मारले गेले. तेथील हल्लेखोर वीस वर्षांचा व शाळेबाहेरचा होता. तरीही या घटनेतून उद्भवलेला दावा येथे महत्त्वाचा आहे. २००५ च्या संघीय कायद्याने शस्त्र उत्पादकांना जवळजवळ पूर्ण संरक्षण दिले होते. पीडित कुटुंबांनी बंदुकीऐवजी तिच्या जाहिरातीवर बोट ठेवले आणि २०२२ साली रेमिंग्टन कंपनीच्या विमा कंपन्यांकडून ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथे एका माजी विद्यार्थ्याने १७ जणांना मारले. त्याच्याविषयी स्पष्ट इशारा देणारा दूरध्वनी एफ.बी.आय.कडे सुमारे सहा आठवडे आधी आला होता. तो स्थानिक कार्यालयाकडे पाठविलाच गेला नाही. २०२२ साली शासनाने सुमारे १२ कोटी ७५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. शाळेबाहेर थांबून राहिलेल्या पोलीस अधिकाऱ्याला मात्र २०२३ साली ज्यूरीने निर्दोष ठरविले. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे १९ मुले व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या, तेव्हा जमलेले सुमारे पावणेचारशे पोलीस हल्लेखोराला आवरण्यासाठी ७७ मिनिटे थांबले. 'तत्काळ आत जावे' हा कोलंबाईनचा धडा कागदावर होता, अंमलात नव्हता.

ऑक्सफर्ड : पालक न्यायालयात :
ऑक्सफर्ड येथील घटनाक्रम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वाधिक बोधप्रद आहे. घटनेच्या आदल्या दिवशी एका शिक्षिकेला तो विद्यार्थी वर्गात मोबाईलवर काडतुसे शोधताना दिसला. शाळेने आईला कळविले. घटनेच्या सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदूक, रक्ताने माखलेला देह व मदतीची याचना करणारे शब्द शिक्षिकेला आढळले. पालकांना बोलावण्यात आले. मुलाला लवकरात लवकर मानसोपचार मिळवून द्यावेत, असे समुपदेशकाने सांगितले. पालकांनी त्याला त्या दिवशी घरी नेले नाही, घरात नवे पिस्तूल असल्याचेही सांगितले नाही. शाळेने त्याला वर्गात परत पाठविले. दप्तर कोणीच उघडून पाहिले नाही. पिस्तूल त्यातच होते.

मुलाने गुन्हा कबूल केला व डिसेंबर २०२३ मध्ये त्याला पॅरोलविना आजन्म कारावास झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आईला व मार्चमध्ये वडिलांना 'हेतू नसताना घडलेल्या मनुष्यवधा'बद्दल स्वतंत्र ज्यूरींनी दोषी ठरविले. एप्रिलमध्ये दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने केलेल्या सामूहिक गोळीबारातील मृत्यूंबद्दल पालक दोषी ठरण्याचा अमेरिकेतील हा पहिलाच प्रसंग होय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जिया राज्यातील एका हायस्कूलमध्ये चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने चौघांना ठार मारले तेव्हा वडिलांवर दुसऱ्याच दिवशी गुन्हे दाखल झाले. तपास अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार ती रायफलही नाताळची भेट होती.

तथापि या निकालाकडे पूर्णविराम म्हणून पाहणे घाईचे ठरेल. त्या सकाळी समुपदेशकाच्या खोलीत पालक व शाळा या दोन्ही बाजू होत्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने शाळेने धोक्याचे मूल्यमापन रीतसर न केल्याचे स्पष्टपणे नोंदविले. तरीही शाळेच्या कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटला झाला नाही आणि राज्य न्यायालयाने शाळा प्रशासनाला शासकीय संरक्षणाच्या तत्त्वावर दिवाणी दाव्यांतून वगळले. पंधरा वर्षांच्या मुलासाठी पिस्तूल घेणे सहज शक्य करणारी राज्याची व्यवस्था तर कोणत्याच न्यायालयापुढे आली नाही. दोन माणसांना शिक्षा झाल्याने बाकीच्यांना सुटका मिळाल्यासारखे वाटणे, हा या निकालातील धोका आहे. चित्रकथांना दोष देऊन प्रौढ ज्याप्रमाणे मोकळे झाले, त्याप्रमाणे दोन वाईट पालकांना दोष देऊन संस्था मोकळ्या होऊ शकतात.

महाराष्ट्रातील एक तुलना :
भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथे शस्त्रे सहज मिळत नाहीत व शालेय गोळीबार क्वचितच घडतात. मात्र 'संस्थेला माहीत असूनही तिने काही केले नाही' हा प्रश्न येथील महाविद्यालयांनाही अपरिचित नाही. कोलंबाईनची घटना घडली त्याच १९९९ या वर्षी महाराष्ट्राने रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम केला. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन त्याने संस्थाप्रमुखावर घातले. तशी कार्यवाही न करणाऱ्या प्रमुखाने अपराधास अपप्रेरणा दिली असे मानून त्याला शिक्षेस पात्र ठरविले. ज्ञान व निष्क्रियता यांचा संयोग म्हणजेच अपराध, हे तत्त्व अमेरिकन न्यायालये चाचपडत शोधत होती. महाराष्ट्राने ते संस्थांच्या बाबतीत कायद्यात आधीच लिहिले होते.

या कायद्याची मर्यादा त्याच्या 'तक्रार' या शब्दात आहे. २००२ च्या अहवालाने दाखविल्याप्रमाणे धोक्याची माहिती बहुधा तक्रारीच्या रूपात येत नाही. ती कुजबूज, गैरहजेरी, चित्र वा निबंध या रूपांत येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची नावे न विचारता वेळोवेळी पाहणी करण्याची तरतूद आहे, ती या दृष्टीने महत्त्वाची ठरते. तिच्या अंमलबजावणीचा भार शेवटी वर्गावर जाणाऱ्या अध्यापकावरच येतो.

निष्कर्ष :
१) शालेय हिंसाचाराचे कारण शोधणे व त्याचे उत्तरदायित्व ठरविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. कारणे अनेक व दूरची असतात. उत्तरदायित्व हे ज्ञान व क्षमता ज्यांच्यापाशी एकत्र येतात त्यांच्यावर येते.
२) मनोरंजन माध्यमांवरील दोषारोप १९५० च्या दशकापासून सातत्याने होत आला, तो न्यायालयीन कसोटीवर उतरला नाही आणि २००२ च्या अभ्यासातही त्याला फारसा आधार मिळाला नाही.
३) १९७९ ते २०२४ या काळात फौजदारी उत्तरदायित्व केवळ मुलापुरते न राहता शस्त्र उपलब्ध करून देणाऱ्या प्रौढांपर्यंत पोहोचले. शाळा व पोलीस यांचे उत्तरदायित्व मात्र प्रामुख्याने तडजोडीच्या रकमांपुरतेच मर्यादित राहिले.
४) केवळ शिक्षेवर आधारलेले धोरण विद्यार्थ्यांचे तोंड बंद करते. माहिती पुढे येण्यासाठी विश्वास लागतो व आलेली माहिती एकत्र ठेवण्यासाठी व्यवस्था लागते.
५) शिक्षेची वाटणी करता येते, पण लक्ष ठेवण्याच्या कर्तव्याची वाटणी होताच ते नाहीसे होते. 'दुसरा कोणीतरी पाहील' असे प्रत्येकाने मानले, म्हणूनच ऑक्सफर्डमध्ये ते दप्तर बंद राहिले.